अंगठा उमटला नाही म्हणून चूल विझावी काय?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. महिना संपत आला होता आणि घराघरांतील डबे तळाला गेले होते. आमच्या वस्तीतील रेशन दुकानापुढे सकाळी आठपासून रांग लागली होती. साडेदहाला दुकान उघडले. दुकानदाराने विटेएवढे ते यंत्र टेबलावर ठेवले, चालू केले, दोन-तीनदा उचलून खिडकीशी धरले आणि पंधरा-वीस मिनिटांनी मान हलवून सांगितले, “सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.”

रांगेत आमच्या विहारातील एक ज्येष्ठ उपासिका होत्या. वय पासष्टीच्या पुढे. चाळीस वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी करून त्यांनी तीन मुलांना शिकविले. त्यांनी दुकानाच्या आत डोकावून पाहिले आणि सरळ विचारले, “भाऊ, तांदळाची पोती तर मागं दिसत्यात. मग डाऊन काय झालंय?”

दुकानदाराला उत्तर देता आले नाही. बाजूला उभ्या असलेल्या आम्हालाही देता आले नाही. रांगेतलाच एक तरुण हसत म्हणाला, “आजी, फुकटच मिळतंय ना, मग उद्या यायला काय झालं?” मावशी काही बोलल्या नाहीत. पिशवीची घडी घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू होता, पण मावशींचा अंगठा चालला नाही. अंगठा झाला, तर्जनी झाली, मग डावा हात झाला. दुकानदाराने ओले फडके दिले, त्यांनी बोटे पुसली, पदराला कोरडी केली, पुन्हा काचेवर दाबली. यंत्राने प्रत्येक वेळी नकार दिला. तिसऱ्या दिवशी सुनेने कामाचा खाडा केला, तिचे बोट जुळले, आणि चार माणसांच्या घराला महिन्याचे वीस किलो धान्य मिळाले. त्या वीस किलोंसाठी त्या घराचे तीन दिवस मोडले आणि एका दिवसाची मजुरी गेली.

मावशींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

पोते आणि पिशवी यांच्यामध्ये

पूर्वी रेशन दुकानात तीनच गोष्टी लागत. दुकानात धान्य, हातात कार्ड आणि दुकानदाराची वही. आज दुकानात जे यंत्र आहे त्याला ई-पॉस म्हणतात. त्यात कार्डाचा बारा आकडी क्रमांक टाकला की कुटुंबातील माणसांची नावे दिसतात. त्यांपैकी एकाने बोट ठेवायचे. त्या बोटाची प्रतिमा मोबाईलच्या जाळ्यातून राज्याच्या सर्व्हरमार्फत आधारच्या केंद्रीय साठ्यापर्यंत जाते. तेथे पूर्वी घेतलेल्या ठशाशी ती ताडून पाहिली जाते आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर त्याच वाटेने परत येते. उत्तर ‘होय’ आले तरच पावती निघते आणि तराजू हलतो.

म्हणजे मावशींच्या पिशवीत तांदूळ पडण्यासाठी आता सहा गोष्टी एकाच क्षणी धड असाव्या लागतात. वीज किंवा यंत्राची बॅटरी, यंत्र स्वतः, दुकानातील मोबाईलची रेंज, राज्याचा सर्व्हर, आधारचा सर्व्हर आणि मावशींचे बोट. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण दिली ती दुःखाचे मूळ समजावण्यासाठी. तिचे साधे गणित येथेही लागू पडते. एका कारणावर दुसरे उभे असते, आणि साखळीतील एक कडी निसटली की पुढचे सर्व थांबते.

हे गणित वाचकांनी स्वतः करून पाहावे. समजा, या सहा गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट शंभरातील पंच्याण्णव वेळा उत्तम चालते. पंच्याण्णव टक्के म्हणजे शाळेत पहिला नंबर. परंतु सहाही एकाच वेळी चालण्याचा हिशेब मांडला तर तो शंभरातील ७३-७४ वेळांवर येतो. उरलेले सव्वीस जण पिशवी रिकामी घेऊन परत. कोणाचा आळस नाही, कोणाची चोरी नाही, सगळी यंत्रे ‘चांगली’, आणि तरीही शंभरातील सव्वीस परत! जाळ्याने जोडलेल्या संगणकांची हीच खोड आहे, आणि ती विकणारे ती कधी सांगत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी २०१६ सालीच लिहून ठेवले होते की, या व्यवस्थेत अनेक नाजूक तंत्रे एकाच वेळी चालावी लागतात, आणि ज्या गरीब राज्यांत रेंजसुद्धा धड नाही तेथे ती लादणे धोक्याचे आहे.

आमचा सहा कड्यांचा हिशेब केवळ समजण्यापुरता आहे. पण सरकारी आकडेही फार वेगळे बोलत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालातच ओळख न पटण्याच्या प्रमाणाचे अंदाज दिले होते. झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानमध्ये ३७ टक्के. पुढे २०१८ च्या मार्च महिन्यात आधार प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्वतः सर्वोच्च न्यायालयापुढे उभे राहिले. सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे त्यांनी सांगितले. बँकांमध्ये ते ९५ आणि मोबाईल कंपन्यांमध्ये ९७ टक्के होते. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. सिमकार्ड घेणाऱ्याचे बोट शंभरात तीनदा चुकते, आणि सरकारच्या दारात आलेल्याचे बारा वेळा. का? कारण सरकारच्या दारात येणारा माणूस म्हातारा असतो, त्याने विटा उचललेल्या असतात, चुना-सिमेंट कालवलेले असते, ऊस तोडलेला असतो. तिथल्या बाईने राखेने आणि सोड्याने भांडी घासलेली असतात. बोटावरच्या रेषा झिजतात त्या कष्टाने. ज्याने जन्मभर अधिक काम केले त्याचीच ओळख यंत्राला पटत नाही, असा हा न्याय आहे.

येथे आम्हास राहून राहून एक गोष्ट आठवते. आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे सावकाराच्या कागदावर उमटत. त्या कागदात काय लिहिले आहे ते त्यांना ठाऊक नसे. तो अंगठा सोडून हाती लेखणी धरायला या समाजाने दोन-तीन पिढ्या घातल्या. मावशींनीही प्रौढ साक्षरतेच्या वर्गात सही शिकून घेतली, विहाराच्या वहीत त्या आजही ठसठशीत सही करतात. रेशनच्या दुकानात मात्र त्या सहीला किंमत नाही. तेथे पुन्हा अंगठाच पुढे करावा लागतो, आणि समोरच्या कागदात काय लिहिले आहे हे या वेळी दुकानदारालाही ठाऊक नसते.

सिमडेगाची मुलगी

तीन दिवसांच्या हेलपाट्यानंतर मावशींच्या घरी भात शिजला. सर्वांचे नशीब एवढे बरे नसते.

झारखंड राज्यात सिमडेगा नावाचा जिल्हा आहे. त्यातील एका खेड्यात २८ सप्टेंबर २०१७ रोजी अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. तिच्या घरचे रेशन कार्ड आधारशी जोडलेले नव्हते, म्हणून ते रद्द झाले होते आणि कित्येक महिने त्या घराला धान्य मिळालेले नव्हते. शाळेत दुपारची खिचडी मिळे, तोच आधार होता. तेव्हा दुर्गापूजेची सुट्टी लागलेली, म्हणून तीही बंद. शेवटच्या दिवशी ती भात मागत होती, असे तिच्या आईने सांगितले. शासनाने सांगितले की मृत्यू मलेरियाने झाला. आई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. पुढे तिने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्या राज्याच्या मुख्य सचिवांनी आधारशी न जोडलेली कार्डे रद्द करण्याचे सांगितले होते. राज्याच्या अन्नमंत्र्यांनीच नंतर त्या सूचनेला चूक म्हटले. रद्द झालेली कार्डे बनावट होती असा डंका तेव्हा पिटला गेला होता. अभ्यासकांनी पुढे झारखंडच्या गावोगावी जाऊन त्या कार्डांचा शोध घेतला, तेव्हा बहुतेक कार्डांमागे खरीखुरी, जिवंत, खाणारी कुटुंबे आढळली.

त्या मुलीच्या गावात सर्व्हर बंद पडला नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. संगणक उत्तम चालू होता. त्याच्या यादीत तिच्या घराचे नाव नव्हते, एवढेच. जाळे तुटते तेव्हा रांगेतल्या साऱ्यांना कळते आणि ओरड होते. पण जाळे शाबूत असून एखादे घर त्यातून गळून पडते तेव्हा ते त्या घराखेरीज कोणालाच कळत नाही. यादीतून नाव काढणारा माणूस त्या घरापासून दोनशे कोसांवर बसलेला असतो. पूर्वी नाव कापणारा तलाठी किंवा दुकानदार निदान डोळ्यांपुढे असे. त्याच्याशी भांडता येई.

दिल्लीचा दवाखाना आणि विमानतळ

कोणी म्हणेल की ही खेड्यापाड्यांची रडगाणी आहेत, मोठ्या ठिकाणी असे होत नाही. तर मोठ्या ठिकाणाचे पाहू.

दिल्लीचे एम्स म्हणजे देशातील सर्वांत नावाजलेले सरकारी रुग्णालय. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी तेथील संगणक बंद पडले. कोणा अज्ञात हल्लेखोरांनी आत शिरून पाच सर्व्हरमधील माहितीला कुलूप घातले होते. ओ.पी.डी.ची नोंदणी, रक्ताचे अहवाल, बिले, सारे थांबले. सुमारे दोन आठवडे तेथे हाताने चिठ्ठ्या लिहून काम चालले. नंतर सरकारने संसदेत कारण सांगितले, ते समजून घेण्यासारखे आहे. रुग्णालयातील संगणकांचे जाळे वेगवेगळ्या कप्प्यांत नीट विभागलेले नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर सबंध चाळ एकाच छपराखाली, मधल्या भिंती नाहीत. एका खोलीत ठिणगी पडली आणि आग सगळीकडे गेली.

इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा तर जगाने आदर्श मानलेली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने तेथील कित्येक रुग्णालयांचे संगणक गोठवले. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे पाठवाव्या लागल्या. ज्या फटीतून तो आत शिरला ती बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच देऊन ठेवला होता. अनेक ठिकाणी तो बसविलाच गेला नव्हता. नळ गळतो हे माहीत असून वॉशर न बदलण्याचा प्रकार.

आणि १९ जुलै २०२४ रोजी तर हल्ला कोणीच केला नव्हता. संगणकांचे रक्षण करणाऱ्या ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकन कंपनीने आपल्या ग्राहकांना एक सदोष फाईल पाठविली, आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एकाच वेळी निळे पडदे दाखवू लागले. चूक दीड तासाच्या आत मागे घेतली गेली. परंतु बंद पडलेले बहुतेक संगणक माणसाने एकेकाजवळ जाऊन हातानेच चालू करावे लागले. पहारेकऱ्याचाच पाय घसरला आणि त्याने सगळ्या घरांना एकदम कडी घातली!

त्या दिवशी आपल्या देशातील विमानतळांवर काय झाले ते आमच्या नीट लक्षात आहे. पुष्कळ उड्डाणे रद्द झाली, पुष्कळ उशिरा सुटली. पण जी सुटली त्यांच्या प्रवाशांना कर्मचाऱ्यांनी पेनाने लिहून बोर्डिंग पास दिले. त्या हस्तलिखित पासांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत कौतुकाने छापून आली. आम्हास त्यात वावगे काही दिसत नाही, उलट तेच बरोबर होते. यंत्र थांबले, माणसाने पेन उचलले, प्रवासी आपल्या गावी गेला.

मग तेच पेन रेशन दुकानात का उचलले जात नाही? विमानाचा प्रवासी ओळखपत्र दाखवतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. मावशी तीस वर्षे त्याच दुकानात येतात. दुकानदार त्यांना, त्यांच्या सुनेला, नातवाला नावाने ओळखतो. कार्ड त्यांच्या हातात, धान्य त्याच्या मागे. तरी दोघेही एका विटेएवढ्या यंत्राच्या तोंडाकडे पाहत उभे!

आम्ही यंत्राचे वैरी नाही

हे वाचून कोणी आम्हास जुन्या काळात रमणारे ठरवू नये. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यंत्रयुगाचे कट्टर समर्थक होते. चरख्याचे आणि खेड्याकडे परतण्याचे गोडवे गायले जात असताना त्यांनी ठणकावून सांगितले होते की, माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवायचे आणि त्याला विचार करण्यास फुरसत द्यायची तर यंत्राशिवाय मार्ग नाही. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना वीजनिर्मितीचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. यंत्रामुळे अनर्थ होतात हे त्यांनी नाकारले नाही. पण दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेत चालविले जाते तिचा आहे, असे त्यांनी बजावले. आमचे सारे म्हणणे याच एका विचारावर उभे आहे.

ई-पॉसने भलेही केले आहे, ते कबूल केले पाहिजे. जुने दिवस आम्ही विसरलेलो नाही. “साखर आली नाही,” “रॉकेल संपले,” असे सांगून माल मागच्या दाराने जात असे आणि वहीत आपल्याच नावावर खोटी नोंद पडत असे. आज पावती मिळते. संगणकाचे जाळे आहे म्हणूनच मराठवाड्यातला ऊसतोड कामगार आपले धान्य दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी दुसऱ्या राज्यातही उचलू शकतो. कागदी वहीला हे जन्मात जमले नसते.

परंतु यंत्राने चोरी किती थांबविली? बोट कोणाचे आहे हे ते सांगते. वीस किलोची पावती देऊन तराजूत अठरा किलो घातले तर ते त्याला दिसत नाही. घेतलेल्याने बोट ठेवले, पावती निघाली, हिशेब चोख! चोरी करीत होते गोदामातले आणि दुकानातले. तपासणी मात्र खाणाऱ्याची होते. दर महिन्याला बोट दाखवून तो चोर नाही हे त्याने सिद्ध करायचे. त्यातच भर म्हणून २०२४ पासून महाराष्ट्रात कार्डावरील प्रत्येक माणसाची ई-केवायसी सुरू झाली. मुदती वाढत गेल्या, दुकानांपुढे पुन्हा रांगा लागल्या, आणि परगावी शिकणारा मुलगा, अंथरुणाला खिळलेली आजी यांचे बोट कोठून आणायचे हा प्रश्न घरोघर पडला. मोबाईलवर चेहरा दाखवून ती करण्याची सोय नंतर आली. पण त्यासाठी मोबाईल तसा हवा, आणि नेट हवे.

विद्यार्थ्यांनीही हे भोगले आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली साऱ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट पुरेशी तयारी नसताना घातला. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, काही उत्तरपत्रिका सापडेनात, आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांचे एक वर्ष गेले. ज्यांच्या घरातील तो पहिलाच पदवीधर होता त्यांच्यातील कित्येकांचे पुढचे शिक्षणच गेले असेल. त्याची मोजदाद कोणी केली नाही.

तळे कागदावर खुले होते

आता त्या तरुणाच्या हसण्याकडे वळू. “फुकटच मिळतंय ना.”

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्या कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिना पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य हा हक्क दिला. महाराष्ट्रात सुमारे सात कोटी माणसे त्यात मोडतात. जानेवारी २०२३ पासून त्या धान्याची किंमत घेतली जात नाही, म्हणून हक्काची भीक होत नाही. कायद्याच्या आठव्या कलमात तर असे आहे की हक्काचे धान्य दिले गेले नाही तर राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता रोखीने द्यावा. हा भत्ता मिळालेला माणूस आम्ही आजवर पाहिलेला नाही. वाचकांपैकी कोणास मिळाला असेल तर जरूर कळवावे, आम्ही आनंदाने छापू.

सिमडेगाच्या घटनेनंतर, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, केंद्र सरकारने सर्व राज्यांना लेखी सूचना दिली. आधार नाही, किंवा रेंज नसल्यामुळे वा बोट न जुळल्यामुळे ओळख पटत नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही धान्य नाकारू नये. कार्ड व ओळखपत्र पाहून धान्य द्यावे आणि तशी वेगळी नोंद ठेवावी. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक अशा मताने आधारचा कायदा कायम ठेवला. विरोधी मत देणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क यंत्राच्या आकडेमोडीवर व संभाव्यतेवर सोडता येणार नाहीत असे लिहिले. पण ज्यांनी कायदा उचलून धरला त्या बहुमताचेही म्हणणे हेच होते की, ओळख न पटल्यामुळे खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवता कामा नये.

एवढे सगळे कागदावर आहे. दुकानात विचारले तर दुकानदार म्हणतो, “मशीनमध्ये नोंद झाली नाही तर पुढच्या महिन्याचा कोटा कापून येतो, मी खिशातून देऊ का?” त्याचेही खोटे नाही. वरून यंत्राचा आकडा मागतात, वही कोणी मागत नाही.

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचा ठरावही केला होता. तरीही २० मार्च १९२७ उजाडेपर्यंत आपल्या माणसांची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती. तळ्याभोवती तेव्हा माणसे उभी होती. त्यांना जातीचा अहंकार होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांत दिसत असे. आज पोत्याभोवती जे उभे आहे त्याला ना जात कळते ना अहंकार. म्हणून त्याच्याविरुद्ध राग कोणावर काढायचा हेच माणसाला उमगत नाही, आणि तो पिशवीची घडी घालून घरी जातो. “सर्व्हर डाऊन” या दोन शब्दांत कोणीच दोषी नसतो, हीच त्यांची सोय आहे.

आमच्या विहारातील वही

वर्षावासात आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर ग्रंथवाचन चालते. मावशींची हकीकत तेथे निघाली तेव्हा एकेक करून आणखी सात-आठ जणींनी आपापले सांगितले. एकीचे बोट सहा महिन्यांपासून जुळत नव्हते, तिची मुलगी दर महिन्याला सासरहून येऊन बोट ठेवून जात होती. एका घरातील धाकट्या मुलाचे नावच कार्डातून गेले होते, केव्हा ते त्यांना कळलेही नाही. महिला मंडळाच्या एका ताई अंगणवाडीत सेविका आहेत. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, कार्ड क्रमांक, दुकानातून परत पाठविण्याचे सांगितलेले कारण, आणि शेवटी सही. अंगठा नाही, सही, असे मावशींनीच आग्रहाने म्हटले.

त्याच बैठकीत आम्ही केंद्राच्या त्या २०१७ च्या सूचनेची माहिती दिली. कार्डाची व आधारची झेरॉक्स प्रत घरात वेगळी ठेवावी. यंत्र नाकारील तेव्हा मोबाईलवर सांकेतिक क्रमांक मागवून पाहावा, आणि तेही न जमल्यास वहीत नोंद करून धान्य मागावे. दुकानदाराशी भांडू नये, पण नकाराचे कारण लिहून मागावे. १९६७ हा मदत क्रमांक आहे, कायद्याने जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यावर राज्य अन्न आयोग आहे. एका वृद्धेने विचारले, “हे सगळं आम्ही लक्षात कसं ठेवायचं?” तेव्हा ताईंनी ते वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून काढले.

दोन महिन्यांत वहीची चार पाने भरली. मग चौघीजणी ती वही आणि एक साधा अर्ज घेऊन तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत गेल्या. मावशी त्यांच्यात होत्या. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज चाळला आणि म्हणाले, “तक्रार आता ऑनलाईन करायची असते. पोर्टलवर टाका.” ताईंनी विचारले, “साहेब, पोर्टल चालू आहे का?” त्यांनी संगणकाकडे पाहिले, दोनदा बटण दाबले, आणि शिपायाला आवक-जावकची वही आणायला सांगितले.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन त्या चौघी संध्याकाळी परत आल्या. ती प्रत आता विहाराच्या कपाटात आहे. पुढच्या महिन्यात धान्य आले की वहीचे पाचवे पान उघडायचे ठरले आहे.